कोरडी पाठ

चिमणाबाईनं झुंजुमुंजूलाच उठून मोठ्या टोपात भात घातला होता आणि सुकटीचं कालवण केलं होतं. आवणीच्या दिवसांत करवंदवाडीतली माणसं एकत्र येतात, आज एकाच्या खाचरात भाताचं रोप लावतात आणि उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाची घेत नाही. ज्याचं खाचर त्यानं दुपारी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच सावडीचा रिवाज. आज पाळी तिच्या घराची होती. तिचा नवरा हिरामण यानं कालच रोप उपटून, मुठी बांधून खाचराच्या कडेला पाण्यात ठेवल्या होत्या. भात निवून गेला, कालवण दोनदा गरम झालं, तरी वाटेवर माणूस दिसेना.

शेवटी ती इरलं घेऊन बाहेर पडली. इगतपुरीकडचा पाऊस म्हणजे शेजारच्या घरी विस्तव मागायला जायचं तरी इरलं लागतं. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं दाबून केलेलं ते ओझं डोक्यापाठीवर सावरत ती टेकाड उतरली, तर सगळी सावड गोटीरामच्या खाचरात वाकलेली. वरून नुसती इरली दिसत होती. गोटीरामचं खाचर तिच्या खाचराच्या अगदी खालचं, मध्ये एकच बांध. पाळी त्याची नव्हतीच.

"गोटीरामदादा, आज आमची पाळी ना?"

गोटीराम सावडीचा कर्ता माणूस. त्यानं मान वर केली नाही. "तुमचं मागून बगू."

"मागून कव्हा? रोप उपटून ठिवलंय. कुजून जाईल."

माणसं एकमेकांकडं न बघता चिखलात बोटं खुपसत राहिली. लताबाईला मात्र गप्प बसणं कधी जमलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चिमणे, वाईट वाटून घिऊ नको. पन समद्यांनी एका पान्यात उभं ऱ्हायाचं असतं. पायाला चिखल्या झाल्यात आमच्या. बोटाबोटांतून रगात येतंय. आन हिरामणचं तोंड तू रोज बगतीच की."

"नाशकाची डाक्टरबाई म्हनली, मोठा रोग नसंल म्हनून."

"मंग काय हाय?" आता गोटीराम सरळ झाला. इरल्याखालून त्याचे डोळे दिसत होते. "नाय म्हनून भागत नाय, सूनबाई. काय हाय त्ये सांग. नाव सांग. मंग उद्याच येतो समदी."

नाव चिमणाबाईला ठाऊक नव्हतं. ती परत फिरली आणि टोपातला भात गुरांपुढं ओतला. ओतताना ती रडली नाही, तिला राग आला होता. वीस माणसांचं जेवण रांधायला लावून माणसं सरळ दुसऱ्याच्या वावरात जाऊन वाकतात आणि वर म्हणतात वाईट वाटून घेऊ नको!

हिरामणचं तोंड दोन उन्हाळ्यांपूर्वी पहिल्यांदा भाजल्यासारखं झालं. आधी पापण्या सुजल्या, मग कपाळ. कातडी सुटायची, खाजायची, पुन्हा धरायची. होता होता कपाळाची कातडी जाड झाली, तिला आडव्या घड्या पडल्या आणि कानाच्या पाळ्या सुजून लोंबायला लागल्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी असे कान पूर्वी कुणाचे तरी पाहिले होते. त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे, नुसतं मोठा रोग म्हणत. त्याची आई यशोदाबाई हिनं या उन्हाळ्यात काही न बोलता त्याचा तांब्या आणि ताटली वेगळी काढली, आणि त्याची गोधडी गोठ्यात नेऊन टाकली. माणूस बैलाशेजारी झोपू लागला. डोक्यावरच्या माळ्यात राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, आणलेल्या वाळक्या गवताचे उरलेले भारे रचलेले होते, त्यांतून रात्रभर भुसा गळायचा. बैलानं शेपटी झाडली तरी हिरामण बिचारा म्हणायचा, "बरं हाय. इथं कुनाला तरास नाय."

त्या रोगाच्या माणसाला कुणी बांधावर उभं करत नाही. पोरगी अंजली आश्रमशाळेत होती. ती सुट्टीला आल्यावर हे सगळं तिच्या कानावर जाणार, आणि पुढं तिला स्थळ कोण आणणार, हेही चिमणाबाईच्या डोक्यात होतंच. पण आधी भात. घरच्या तिघांच्यानं चार खाचरं लावून होत नसतात.

"उद्या नाशकाला जायचं," तिनं गोठ्याच्या दारातून सांगितलं. "पाठीवर चकत्या लावायच्या म्हनली होती ना बाई? त्या लावून घ्यायच्या."

"तिनं दिवाळीनंतर बोलावलंय," हिरामण म्हणाला.

"दिवाळीला काय तिचे फटाके उडवायचेत का आपुन?"

मागच्या खेपेला डॉक्टरबाईनं सांगितलं होतं, की ज्या ज्या झाडपाल्याला तुमचा हात लागतो तो सगळा थोडा थोडा, वेगवेगळ्या कागदात बांधून आणा. चिमणाबाईनं मनापासून गोळा केला. सागाचं पान, पळसाचं, ऐनाचं, भाताचं रोप, नागलीचं ताट, बांबूची साल, परसातली हळद. यशोदाबाई चुलीपाशी बसून बघत होती.

"झाडाला काय इचारायचं?" ती म्हणाली. "जलम गेला आपला ह्याच पाल्यात."

एस्टीत गर्दी होती. हिरामणनं डोक्याला उपरणं गुंडाळून कान झाकले होते, तरी घोटीच्या थांब्याला उपरणं सरकलं आणि शेजारचा माणूस उठून उभा राहिला. पुढं नाशिकपर्यंत तो उभाच होता. ती मोकळी जागा कुणी घेतली नाही, चिमणाबाईनंच मग तिथं पिशवी ठेवली आणि सगळ्या बसकडं रोखून बघितलं.

दवाखान्यात ज्योत्स्ना डॉक्टरबाईंनी आधी त्यांना ओळखलं आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, पावसाळ्यात ही तपासणी करत नाहीत. दोन दिवस पाठीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. घाम येता कामा नये. ओझं नाही, वाकणं नाही, अंघोळ नाही, खाजवणं तर अजिबात नाही. तुमच्याकडं आत्ता काय स्थिती आहे, मला ठाऊक नाही का?"

"बाई, दिवाळीपर्यंत आमाला वाडीत कोन ठेवतंय?" चिमणाबाई म्हणाली. "त्यांना नाव पायजे. त्ये नाव तुमी द्या. पाठ कोरडी ठिवायचं काम माजं."

डॉक्टरबाईंनी हिरामणचं तोंड उजेडाकडं वळवलं. कापसाच्या बोळ्यानं कपाळ, गाल, हात, पावलं अशी जागोजाग हळूच शिवून त्यांनी विचारलं, कळतंय का, आणि तो डोळे मिटून प्रत्येक वेळी हो म्हणाला. मग त्यांनी त्याला पालथं निजवलं. सागाचं, पळसाचं असे सगळे पाले बारीक करून एकेका छोट्या चौकोनी चकतीत भरले. काही चकत्यांत आपल्या कपाटातल्या बाटल्यांतले थेंब टाकले. त्या चकत्या चिकटपट्टीनं पाठीवर बसवल्या आणि कडेनं पेनानं रेघा मारून आकडे घातले. पाठ पाटीसारखी दिसायला लागली.

"यातलं जे तुमच्या अंगाला चालत नाही, तिथं कातडी उठेल. खाजेल. तसं झालं तर चांगलंच समजायचं. काहीच उठलं नाही, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. आणि पट्ट्या भिजल्या तर सगळं फुकट. माझ्याकडचं सामान संपलंय, नवीन कधी येईल सांगता येत नाही."

फाट्यावर उतरले तेव्हा पाऊस आडवा मारत होता. चिमणाबाईनं त्याला मेणकापडात गुंडाळलं, वर त्याचं इरलं घातलं, त्यावर आपलं घातलं, आणि स्वतः उघड्या डोक्यानं पुढं चालू लागली. दोन इरल्यांखाली तो भला माणूस कासवासारखा चालत होता आणि तिला वाट दिसत नव्हती. निसरड्यावर तो एकदा घसरला, तेव्हा तिनं त्याला पुढून धरलं. पाठीला हात लावायचाच नव्हता.

गोठा गळत होता. तिनं गोधडी उचलली आणि घरात, चुलीच्या अंगाला आणून पसरली. यशोदाबाई बघतच राहिली.

"घरात?"

"दोन दिस, आत्या. कोरडी जागा हीच हाय."

म्हातारीनं सुनेशी वाद घातला नाही. आपलं पोतं आणि वाकळ उचलून ती पडवीत जाऊन बसली, जिथं पावसाची झड येत होती. हिरामणनं ते पाहिलं. आपल्यामुळं आई पावसात बसली, हे त्याला रोगापेक्षा जास्त लागलं. पण उठून तिला आत आणायचं तर तिच्याजवळ जावं लागलं असतं, आणि जवळ गेल्यावर ती मागं सरकली असती. तो पालथा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी बायका खाचरात उतरल्या. म्हातारी मुठी टाकायची, चिमणाबाई लावत जायची. हिरामण उंबऱ्याच्या आत उघडा बसून राहिला. अंगात सदरा नाही, घाम येऊ नये म्हणून चुलीपासून लांब, झड येऊ नये म्हणून दारापासून लांब. आवणीच्या दिवसांत धडधाकट बापय घरात बसलेला वाडीनं कधी पाहिला नव्हता. वाटेनं जाणारा झिपरू थांबला आणि म्हणाला, "काय नवरदेव, हळद कव्हा?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. हिरामणला हसूही आलं नाही आणि चीडही आली नाही. त्याचं सगळं ध्यान पाठीकडं होतं.

पाठ गप्प होती.

चिमणाबाई दर थोड्या वेळानं बांधावरून ओरडायची, "खाजतंय का?"

"नाय."

ती पुन्हा वाकायची. जेवायला आली, तरी हात धुवायच्या आधी तेच विचारलं. दिवेलागणीला तेच. आजवर खाजेपायी त्या घरातली झोप उडाली होती, आणि आता खाज यावी म्हणून बायको देवाला नवस बोलायची तेवढी बाकी होती. काहीच उठलं नाही तर? हिरामण मनात म्हणत होता. डॉक्टरबाईनं पुन्हा शोधावं लागेल म्हटलं खरं, पण गोटीराम काय म्हणेल ते त्याला ऐकू येत होतं. झाडानं नाय केलं, मंग कुनी केलं? मग त्याला दुसरं काही नाव उरत नव्हतं, आणि रात्री पहिल्यांदा त्यालाही वाटलं, की माणसं म्हणतात तेच असेल. त्यानं अंधारात आपला कान चिमटीत धरून जोरात दाबला. दुखलं. तरी खात्री वाटेना.

तिसरा दिवस उजाडला तो पाण्यातच. दुपारनंतर कसाऱ्याच्या अंगानं असा काळोख चढून आला, की दिवस कुठं आहे ते कळेना. वरच्या डोंगराचं पाणी सगळ्या खाचरांतून एकदम उतरू लागलं. बायका खालच्या कोपऱ्यात लावत होत्या. हिरामण दारात येऊन उभा राहिला, झड लागणार नाही इतक्याच अंतरावर.

बांध फुटताना आवाज होत नाही. खेकड्यानं आतून बीळ पाडलेलं असतं, पाणी त्यात शिरतं आणि एक ढेकूळ सरकतं. हिरामणला आधी खाचरातलं पाणी हललेलं दिसलं, मग कालच लावलेली रोपं एका बाजूला निघालेली दिसली. तो ओरडला. पावसात त्याचा आवाज त्याच्याच अंगणात पडला.

खालून मात्र गोटीराम पळत येत होता. हातात फावडं, इरलं कुठं तरी टाकलेलं, धोतर मांडीपर्यंत चिखलानं भरलेलं.

"हिरामण्या! बांध चाललाय तुजा! भाईर ये!"

हिरामणनं कोपऱ्यातली कुदळ उचलली सुद्धा होती. पण चिमणाबाई खाचरातून धावत आली आणि दाराच्या दोन्ही खांबांना हात लावून आडवी उभी राहिली. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"पाऊल टाकू नका."

"अगं, खाचर जातंय!"

"जाऊ द्या. पाठ भिजली तर समदंच जाईल."

"तुमचं जाईल त्ये जाईल," गोटीराम मागून ओरडला. "माजं खालचं परवाच लावलंय! सगळा गाळ माज्या रोपावर बसतोय! बापय मानूस घरात बसून बगतोस व्हय रे?"

चिमणाबाई वळली. तिच्या तोंडाला पावसाचं पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मंग तुमी या की, दादा. फावडं हातात हाय ना? उतरा आमच्या पान्यात."

गोटीरामनं पाण्याकडं बघितलं. मग आपल्या पायांकडं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनी कातडी फाटून लाल झालेली होती. एका पाण्यात उभं राहायचं भय लताबाईइतकंच त्यालाही होतं. पण बांध काही त्याचं मन ठरायची वाट बघत नव्हता. आणखी एक हातभर तुकडा गेला आणि पाण्याचा लोट सरळ त्याच्या खाचरात पडला.

"आयला!" म्हणून तो उतरला.

पुढचं सगळं हिरामणनं दारातल्या खांबाला धरून पाहिलं. भगदाड कमरेएवढं झालं होतं. टाकलेला दगड राहत नव्हता, माती तर पाण्यात विरूनच जात होती. मग चिमणाबाई त्या भगदाडात पाठ लावून खाली बसली. पाणी तिच्या खांद्यांवरून, गळ्यावरून चाललं होतं, पण मागं थोडं तुंबलं. तेवढ्यात गोटीरामनं तिच्या दोन्ही बाजूंनी दगड रचले, यशोदाबाईनं पडवीतलं आपलं पोतं, पेंढा, जे सापडेल ते ओढत आणलं. "सरक आता! हळू!" गोटीराम ओरडत होता. "अजून नाय!" ती ओरडत होती. परक्या माणसाच्या शेजारी आपली बायको पाण्यात बांधासारखी बसली आहे आणि आपण सुक्या अंगानं उभे आहोत, याची हिरामणला इतकी लाज वाटली की त्यानं खांबावर डोकं आपटून घेतलं.

आणि तेव्हाच पाठ उठली.

आधी मुंगी चालल्यासारखं वाटलं. मग एकाच जागी, डाव्या खांद्याच्या पाख्याखाली, निखारा ठेवल्यासारखी आग. खाजवावंसं वाटून त्याची बोटं आखडली. त्यानं खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, नाही तर हात मागं गेलाच असता.

"खाजतंय!" तो ओरडला. "अगं, खाजतंय!"

पाण्याच्या आवाजात चिमणाबाईला ते ऐकू गेलं नाही. पाटी भरून माती नेणारी यशोदाबाई तेवढी अंगणात होती. ती थबकली.

"आई, खाजतंय! एकाच जागी! लय खाजतंय!"

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. तिला काय समजलं आणि काय नाही, ते तिच्या तोंडावर दिसलं नाही. ती पाटी घेऊन बांधाकडं गेली.

बांध बुजला तेव्हा अर्धं खाचर धुऊन गेलं होतं. गोटीरामचं वाचलं. तो फावडं धुऊन खाली निघून गेला. चिमणाबाई घरात आली तेव्हा तिच्या पाठीला दगडांनी खरचटलं होतं आणि दात वाजत होते. हिरामणनं खाजतंय सांगितल्यावर ती हसायलाच लागली. हसता हसता रडली. मग म्हणाली, "खाजवलं नाय ना?"

"नाय."

"आन भिजली?"

त्यानं पाठ वळवली. तिनं दिवा जवळ नेऊन बघितलं. कोरडी होती.

सकाळच्या पहिल्या एस्टीनं दोघं नाशकात. डॉक्टरबाईंनी पट्ट्या काढल्या, थोडा वेळ बाहेर बसवलं आणि मग खिडकीपाशी नेऊन पाठ बघितली. चिमणाबाईही बघत होती. सागाच्या जागी काही नाही. पळस, ऐन, भाताचं रोप, बांबू, हळद, सगळीकडं साफ कातडी. तिच्या सगळ्या पुड्या फुकट गेल्या होत्या. डाव्या पाख्याखाली मात्र लालभडक चौकोन सुजून वर आला होता आणि त्यावर बारीक पाण्याचे फोड होते.

"हे कशाचं?" तिनं विचारलं. "ह्ये आमी आनलंच नव्हतं."

"हे माझ्या बाटलीतलं." डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर बोट केलं. आवाराच्या भिंतीला लागून पांढऱ्या बारीक फुलांचं रान माजलं होतं. "ते बघा. ओळखता?"

"ह्ये?" चिमणाबाईला खरंच कळेना. "ह्ये तर गाजरगवत. रेल्वेच्या रुळाकडंनी बक्कळ. पन ह्याला झाडपाला कोन म्हनंल, बाई? गुरं तोंड लावत न्हाईत. कचरा हाय हा. तुमच्यासमोर काय कचरा बांधून आनायचा?"

"याला हात लागतो का तुमचा?"

हिरामण आणि ती एकमेकांकडं बघायला लागले. जंगलवाल्यांनी झाडं छाटायची बंदी केल्यापासून राब भाजायला पाला मिळत नव्हता. आणि जमीन भाजल्याशिवाय भाताचं बी धरत नाही. तेव्हा रुळाकडचं गाजरगवत कापून, वाळवून राबाला वापरायची युक्ती हिरामणनंच काढली होती. फुकटचं, हवं तेवढं. साऱ्या सावडीनं त्याची पाठ थोपटली होती. भारे डोक्यावरून तोच वाहायचा सगळ्यात जास्त, युक्ती त्याची म्हणून. वाळका भुसा तोंडावर, मानेवर गळत राहायचा.

"मोठा रोग नाही. ह्या गवताची ॲलर्जी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मलम देते, पण त्या गवतापासून लांब राहिलात तरच उतरेल. कापायचं नाही, वाहायचं नाही, जवळ ठेवायचंही नाही. घरात कुठं साठवलंय का?"

"गोठ्यात," चिमणाबाई सावकाश म्हणाली. "माळ्यावर. त्याच्याच खाली निजत्यात ह्ये."

"कधीपासून?"

तिनं मनात दिवस मोजले. घरातून त्याला बाहेर काढलं तेव्हापासून. तोंड जास्त बिघडलं तेही तेव्हापासून.

परत येईतो दुपार झाली. पाऊस जरा थांबला होता. सावड बांधावर जेवायला बसली होती, गोटीरामच्या खाचरातला गाळ बसलेला कोपरा पुन्हा लावायचं अजून उरकलं नव्हतं. यशोदाबाई वरच्या अंगाला आपल्या खाचरात एकटीच वाहून गेलेली रोपं गोळा करत होती. हिरामण घराकडं वळला नाही. तो सरळ सगळ्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सदरा काढला.

"काय निघालं?" गोटीराम घास हातात धरून म्हणाला.

"बगा तुमीच," म्हणून त्यानं पाठ केली.

गोटीराम उठला. बाकीचेही उठून गोळा झाले, पण हातभर अंतर राखून. पाठीवर रेघा, आकडे, चौकोन.

"ह्ये कशाचं?"

"सागाचं," चिमणाबाई सांगू लागली. "ह्ये पळसाचं. ह्ये भाताचं. काय झालं नाय."

"आन ह्ये लाल?"

"गाजरगवत. आपल्या राबाचं."

झिपरूला पटेना. "आमी बी वाहतो की त्ये. आमाला का नाय झालं?"

"बिबा लागला तर समद्यांना उततो का? कुनाला उततो, कुनाला काय होत नाय. तसंच ह्ये. डाक्टरबाईनं नाव सांगितलंय. गवताची ॲलर्जी."

बिब्याचं सगळ्यांना माहीत होतं. माणसं एकमेकांकडं बघून मान हलवू लागली. वरून यशोदाबाई उतरून आली होती, हातात चिखलाचा रोपांचा जुडगा. चिमणाबाईनं तिच्याकडं बघून सांगायचं टाळलं असतं, पण सांगणं भाग होतं. "गोठ्यातले भारे काढाया सांगितलंय, आत्या. तिथं निजून वाढलं म्हनली."

म्हातारीच्या हातातलं रोप खाली पडलं.

लताबाई अजून अडून होती. "पन मोठ्या रोगात कातडं मुकं व्हतं म्हनत्यात. दाबलं तरी कळत नाय."

"मंग दाबून बगा," हिरामण म्हणाला.

गोटीराम पुढं झाला. थोडा थांबला. मग अंगठा धोतराला पुसून त्यानं लाल चौकोनावर दाबला.

"आई गं!" हिरामण कळवळला.

गोटीराम हसला. "कळतंय की रं!" त्यानं पुन्हा दाबला, हिरामण पुन्हा ओरडला, आणि मग सगळ्यांनाच बघायचं होतं. झिपरूनं बोट लावलं. लताबाईनं तर चांगलं टोचलं. पोरींनी लावलं. फोड फुटले, पाणी आलं, पाठ जळत होती. चिमणाबाई "हळू, हळू" म्हणत होती, पण तो तिला गप्प बस म्हणाला. उन्हाळ्यापासून ह्या माणसांनी त्याच्या सावलीला पाय लागू दिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो प्रत्येक बोटाला मनापासून ओरडत होता.

सगळ्यांचं झाल्यावर यशोदाबाई आली. तिनं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. तिचं बोट पाठीला लागलं न लागलं. हिरामणला काहीच दुखलं नाही. तरी तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.